सूर्याकडे मी बघत नाही, आई

गॉटिंगन, 18 जानेवारी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे भरपूर आहेत.

फोनवर मागची खिडकी उघडी दिसली म्हणून आई रागावलीस, तर नीट सांगते. इथे बाहेर बर्फ असलं तरी लोक सकाळी हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडतात. नुसती फट चालत नाही. पाच-दहा मिनिटांत दमट हवा बाहेर जाते, मग खिडक्या लावून हीटर पुन्हा सुरू. नाहीतर भिंतींना बुरशी धरते. माझ्या भाडेकरारातही हे लिहिलंय! शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की आधी तेच विचारतात. तेवढा वेळ मी स्वेटर-टोपी घालून ओट्याशी उभी असते. सर्दी झालेली नाही.

सूर्याचा अभ्यास करते म्हणून डोळे बिघडतील अशी तुला भीती, पण डोळ्यांचंही काही नाही गं. सूर्याची चित्रं उपग्रह काढतो, 2010 पासून, दर 12 सेकंदांनी, आणि तीही जमिनीपर्यंत न पोचणाऱ्या अतिनील प्रकाशात. 2009 च्या जुलैत खग्रास सूर्यग्रहणात गच्चीवर सकाळी सकाळी अंधार झाला, पण ढगांनी काही दिसू दिलं नाही, आठवतं? तेव्हा ढगांमागे राहिलेलं तेजोवलय, म्हणजे करोना, तेच माझं काम. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि वरचं हे विरळ वातावरण दहा-वीस लाखांचं! एवढी उष्णता वर नेतं कोण, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. लाटांवर बऱ्याच जणांचा संशय आहे.

करोनात तापलेल्या वायूच्या चुंबकीय कमानी असतात, लाटा दिसतात त्या त्यांच्या डोलण्यात. या कमानी लाखभर किलोमीटर लांबीच्या. जवळ स्फोट झाला की कमान डोलते, एकेका हेलकाव्याला काही मिनिटं, आणि तीन-चार हेलकाव्यांत शांत होते. ट्रेस उपग्रहाने 1998 साली हे पहिल्यांदा टिपलं. आजीच्या तंबोऱ्याची तार आणि ही कमान, दोन्ही टोकांना बांधलेल्या. लांबी, घनता आणि डोलण्याचा वेग कळला की ताण कळतो, आणि त्यावरून तिथलं चुंबकीय क्षेत्र. काही कमानी मात्र स्फोट नसतानाही बारीक डोलत राहतात, थांबतच नाहीत. त्यांना बळ कुठून मिळतं, ते मी शोधतेय. दूरच्या ताऱ्यांच्या कमानी दिसत नाहीत, नुसता स्फोटाचा उजेड कमीजास्त होतो. सूर्याचं नीट उमगलं तर तो उजेडही वाचता येईल.

बाबा, आपलं आदित्य-एल1 हे सूर्ययान असताना जर्मनी कशाला, असं काका म्हणाले ना? त्यांना सांगा, तेही याच करोनाकडे बघतं. शिकून झालं की मला त्याच कामात यायचंय.

पाठवलेले पैसे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे आहेत, कर्जाच्या हप्त्यात घालू नका. हप्ता मी वेगळा पाठवते. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नाही, सगळं दादावर पडतंय, हे मनातून जात नाही. सोनूच्या लग्नालाही जमत नाही. तिच्या साडीचे पैसे वहिनीला पाठवलेत, क्लॉथ मार्केटातून तिच्या पसंतीची घ्या.

आत्याने पुण्याचं स्थळ सुचवलंय. मुलाशी बोलायला माझी ना नाही, पण प्रबंध होईपर्यंत लग्न नाही. हे आत्याला बाबा तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर तिला लागेल.

तुमची,
मुग्धा