ऊसतोडीत सापडलेली सशाची पिल्ले

पुणे,
दि. ८ जानेवारी

प्रिय रमेश,

सप्रेम नमस्कार.

ओढ्याकडच्या फडात तोड चालू असताना सापडलेली सशाची दोन्ही पिल्ले तू त्याच संध्याकाळी बांधावरच्या गवतात परत ठेवलीस, हे अगदी योग्य केलेस. सईला मात्र ते पटलेले नाही आणि ती दोन दिवस नीट जेवलीही नाही, असे वहिनी फोनवर म्हणाल्या. "त्यांची आई येईल कशावरून?" हा तिचा प्रश्न मला अतिशय रास्त वाटतो. त्याचे उत्तर दोन मिनिटांच्या बोलण्यात देता आले नाही, आणि तोडीचा हंगाम अजून बराच शिल्लक असल्यामुळे असा प्रसंग पुन्हा येईल, म्हणून सविस्तर लिहितो. पत्र सईला वाचायला दे.

आपल्या रानातला ससा आणि शहरात पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा ही दोन वेगळी जनावरे आहेत. पाळीव ससा मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशापासून आला. त्याची पिल्ले जन्मतः उघडी, केस नसलेली असतात आणि त्यांचे डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. आपला काळ्या मानेचा ससा बीळ करीतच नाही. गवतात किंवा पिकाच्या बुडाशी अंग मावेल एवढा खळगा करून तो बसतो, आणि त्याची पिल्ले अंगभर केस व उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. म्हणजे उघड्या जमिनीवर, कोणत्याही आडोशाशिवाय बसलेले पिल्लू दिसले, तर ते घरट्यातून पडलेले किंवा टाकून दिलेले नसते. ते त्याच्या घरातच बसलेले असते.

आता आईविषयी. सशीण दिवसभर पिल्लांपासून लांब राहते, आणि हीच तिची राखण आहे. तिच्या मोठ्या अंगाचा वास कोल्ह्याला, मुंगसाला, रानमांजराला सहज लागतो. मातीच्या रंगाच्या, हालचाल न करणाऱ्या पिल्लाचा वास फार कमी येतो. ती जवळ बसली तर शत्रूला वाट दाखवल्यासारखे होईल. म्हणून या जातीच्या सशिणी साधारण दिवसातून एकदाच, अंधार पडल्यावर येतात, काही मिनिटांत पिल्लांना पाजतात आणि निघून जातात. तेवढ्यात भागते, कारण सशाचे दूध फार दाट असते. त्यात गाईच्या दुधाच्या कित्येक पट स्निग्धांश आणि प्रथिने असतात. दुपारी बारा वाजता एकटे दिसलेले पिल्लू भुकेले आणि पोरके आहे असे आपल्याला वाटते, पण बहुतेक वेळा ते आदल्या रात्रीचे दूध पचवत, सांगितल्यासारखे गप्प बसलेले असते. हात लावला तरी पळत नाही म्हणून ते आजारी आहे, असेही समजू नये. दबून बसणे हाच त्याचा बचाव आहे.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करीत नाही, असे आबा म्हणतात आणि गावात सगळेच म्हणतात. ते खरे नाही. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईंनी ओच्यात घेतले म्हणून पिल्ले वाया गेली, असे सईने मनात आणू नये. उचलू नये हे खरेच आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे: सशाचे पिल्लू भीतीनेच दगावू शकते. आपल्या हातात ते शांत दिसते तेव्हा ते आपल्याला सरावलेले नसते, घाबरून गोठलेले असते. आणि धडपडून निसटताना मागच्या पायांच्या झटक्याने त्याचा कणाही मोडू शकतो.

गवताळ माळावर पिल्लू दिसले तर काम सोपे आहे: मागे फिरावे, बरोबरचा कुत्रा बांधावा आणि त्या दिवशी त्या बाजूला जाऊ नये. उसात अडचण अशी की संध्याकाळपर्यंत जागाच उरत नाही. म्हणून पिल्लू दिसताच मुकादमाला सांगून तेवढी सरी थोडा वेळ थांबवावी, स्वच्छ कापडाने किंवा पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पानांच्या) मुठीसकट पिल्लू उचलावे आणि जवळात जवळच्या बांधावर, उंच गवतात, सावलीला ठेवावे. जितके जवळ तितके बरे, कारण आई ते जिथे होते तिथेच शोधत येणार. दोन पिल्ले असली तर एकमेकांच्या आसपास ठेवावीत. वर टोपली पालथी घालू नये, शेजारी दूध ठेवू नये, आणि आई येते का हे पाहायला बॅटरी घेऊन बसू नये. आपण तिथे असेपर्यंत ती येणार नाही. कोणी पिल्लू आदल्या दिवशी घरी नेले असेल, तरी ते धडधाकट असल्यास संध्याकाळी परत ठेवता येते.

एक गोष्ट मात्र मी तुझ्याकडे आग्रहाने मागतो. तोड झाल्यावर पाचट पेटवू नकोस. जाळ आला की मोठा ससा पळतो, पिल्लू मात्र जागीच दबून बसते. खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचट कुजवण्याचे फायदे तू मला सांगावेस इतका तुझा त्यातला अनुभव आहे, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही. शेजाऱ्यांनाही सांग. शक्य असेल तर शेवटच्या दिवशी तोड अशा बाजूने संपवा, की आत राहिलेली जनावरे रस्त्याकडे न जाता ओढ्याकडे निघून जातील.

खरोखर मदत लागते ती वेळ ओळखायला अवघड नाही. कोयता लागून रक्त आलेले, पाय लोंबणारे, अंगावर माश्या किंवा अळ्या असलेले, थंड आणि मलूल पडलेले पिल्लू, किंवा ज्याची आई जवळच मेलेली दिसली ते पिल्लू. कुत्र्याने किंवा मांजराने तोंडात धरलेले पिल्लू तर जखम दिसत नसली तरी याच गटात मोजावे, कारण त्या दातांचे जंतू जीव घेऊ शकतात. अशा वेळी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून आत मऊ सुती कापड घालावे (टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखे अडकतात), पिल्लू ठेवून झाकण लावावे आणि खोके अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवावे. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवावी, म्हणजे ऊब नको झाली तर त्याला सरकता येईल. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पुण्याजवळ बावधनला रेस्क्यू संस्थेचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे. वनरक्षक पुढची सोय सांगतो. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे लागले, तर हा ससा आहे याची आठवण करून दे, कारण पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावू शकतो.

मदत येईपर्यंत काहीही पाजू नये. सईला सगळ्यात अवघड हेच वाटणार, तरी ते तिला नीट समजावून सांग. गाईचे दूध त्याला पचत नाही, पोट फुगते, हगवण लागते. आणि ड्रॉपरने पाजताना एक थेंब श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसे सुजून मरण येऊ शकते. माणसांनी घरी नेलेली कितीतरी पिल्ले उपाशी राहून नव्हे, प्रेमाने पाजलेल्या दुधाने गेली आहेत.

पाळण्याचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या सशाला संरक्षण दिले आहे, त्यामुळे त्याला पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. वाघर (जाळे) लावून किंवा रात्री बॅटरी मारून ससे धरणारी माणसे तुझ्या शिवारात येतात, असे तू मागे म्हणाला होतास. त्यांची माहितीही १९२६ याच क्रमांकावर दे. कायदा बाजूला ठेवला तरी हे जनावर पिंजऱ्याचे नाही. वाढले की जाळीवर धडका घेत राहते. आणि त्याला आपली गरजही थोडीच असते, कारण महिन्याभरात ते आईचे दूध सोडून स्वतःचे गवत स्वतः खाऊ लागते.

सईने बांधावर जाऊन पाहिले आणि जागा रिकामी दिसली, तर ती घाबरेल. दूध पिऊन झाल्यावर पिल्ले थोड्या थोड्या अंतरावर पांगतात आणि नवी जागा धरतात, तेव्हा रिकामी जागा म्हणजे वाईटच झाले असे नव्हे, हे तिला आधीच सांगून ठेव. उरलेल्या फडाची तोड कोणत्या आठवड्यात आहे ते कळव. रविवार धरून असेल तर मी येतो. टोळीतल्या लोकांशी सकाळी काम सुरू होण्याआधी बोलता येईल.

आबांना आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक