वेळापत्रक मागितले तर तिकीट दाखवतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून अमुक शहराची सेवा सुरू झाली, तमुक शहराच्या विमानाची वेळ बदलली, अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्या दिवशी मी कात्री घेऊन बसतो. कात्रण एका वहीत चिकटवायचे, जुन्या वेळेवर रेघ मारायची आणि शेजारी तारीख घालायची, हा माझा उद्योग पाहून घरातली मुले हसतात. परंतु कोल्हापूर, पुणे आणि बेळगाव या सांगलीकराला मोटारीने गाठता येणाऱ्या तीन विमानतळांवरून आठवड्याच्या कोणत्या वारी कोणते विमान कुठे जाते, हे एका ठिकाणी पाहायचे झाले तर त्या वहीखेरीज माझ्यापाशी दुसरे साधन नाही. विमान कंपन्यांची छापील वेळापत्रके नाहीशी झाली, त्याविषयी हे पत्र आहे.

मी सांगलीत सुमारे तीस वर्षे एका प्रवास-कचेरीत तिकिटे काढून देण्याचे काम केले. गिऱ्हाईक म्हणजे हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, क्वचित एखादे डॉक्टर, आणि सर्वांत जास्त आमच्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली मंडळी. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त ही माणसे देशभर विखुरलेली आहेत. विट्याच्या आसपासच्या गावात विचारले तर कुणाचा मुलगा कोइमतूरला, कुणाचा भाऊ कोचीला, तर कुणाचे अख्खे घरच कोलकात्याला असते. त्यांचा प्रवास हौसेचा नसतो. यात्रा, लग्न आणि माती या तीन कारणांनी ते गावी येतात, आणि यांपैकी शेवटच्या कारणाला महिनाभर आधी तिकीट काढता येत नाही.

त्या काळी कचेरीत खिळ्याला सुतळीने टांगलेले इंडियन एअरलाइन्सचे घडीचे वेळापत्रक असे. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढे. उघडले की एका बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरांचे रकाने. परदेशच्या प्रवासासाठी ‘एबीसी वर्ल्ड एअरवेज गाइड’ नावाचा ग्रंथराज होता, टेलिफोन डिरेक्टरीसारखा जाड आणि दर महिन्याला नवा निघणारा. त्याची वर्गणी आमच्या मालकांना परवडणारी नव्हती, म्हणून मुंबईच्या एका मोठ्या एजंटाकडून महिना-दोन महिने शिळा झालेला अंक एसटीच्या पार्सलने येई. त्याचा कागद इतका पातळ होता की मागच्या पानावरचे आकडे पुढच्या पानावर उमटल्यासारखे दिसत, आणि अक्षर इतके बारीक की टेबलाच्या खणात एक भिंग कायमचे ठेवलेले होते.

ज्यांनी ही कोष्टके कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी एक ओळ उलगडून सांगतो. निघण्याच्या शहराचे नाव ठळक अक्षरात, त्याखाली पोहोचण्याचे शहर, मग वारांचा रकाना. त्यात सोमवार म्हणजे १ आणि रविवार म्हणजे ७. म्हणजे ‘१३५’ असे छापले असेल तर विमान सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी. पुढे सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, आणि विमान दुसऱ्या दिवशी पोहोचत असेल तर वेळेच्या शेजारी बारकासा ‘+१’. मग उड्डाणाचा क्रमांक, विमानाचा प्रकार, वाटेतले थांबे. विमानाच्या प्रकाराचा रकाना कुणी वाचत असेल असे पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटायचे नाही, पण आमच्याकडचे एक म्हातारे गृहस्थ तिकिटाचे पैसे मोजण्याआधी हमखास विचारत, “बोइंग हाय का एव्हरो?” एव्हरो म्हणजे पंख्यांवर चालणारे विमान, आणि ते पंखे त्यांना मानवत नसत. एव्हरोचा दिवस असला तर ते एक दिवस उशिरा निघत. कोष्टक समोर असल्यामुळे तो पर्याय त्यांना दिसत होता.

माझे सगळे म्हणणे या ‘दिसण्या’त आहे. छापील वेळापत्रक तुम्ही न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देई. कोचीच्या ओळीवरून बोट फिरवताना वरच्या ओळीत कोइमतूर दिसे, बुधवारचे विमान चुकले तर गुरुवारी काय आहे ते त्याच रकान्यात कळे, आणि शेवटचे विमान किती वाजता सुटते हे सांगायला कुणी लागत नसे. आजचे ॲप आधी दोन शहरे विचारते, मग तारीख विचारते, आणि त्या एका दिवशी जे विकायला आहे तेवढेच किमतीच्या क्रमाने मांडते. त्या तारखेला विमान नसेल तर ते आठवड्यातून तीन दिवस असते की मुळातच बंद झाले आहे, हे कळायला सातही तारखा एकेक करून दाबाव्या लागतात. शिवाय त्या दिवशीची तिकिटे संपली असतील तर काही ठिकाणी ते विमानच पडद्यावरून गायब होते, जणू ते उडणारच नाही.

हे नुसते म्हाताऱ्याचे रडगाणे वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. माझे एक जुने गिऱ्हाईक कोचीला असते. वडील गेल्याचा फोन त्याला संध्याकाळी आला. त्याने फोनवर कोची ते कोल्हापूर असे शोधले, तेव्हा दोन ठिकाणी थांबत, जवळजवळ सतरा तास घेणारा एकच मार्ग दिसला. म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याला उतरणारे विमान घेतले आणि तिथून भाड्याच्या गाडीने रात्री गाव गाठले. तोवर माती उरकली होती. प्रत्यक्षात त्याच सकाळी एका कंपनीचे विमान कोचीहून बेंगळुरूला जात होते आणि दुसऱ्या कंपनीचे बेंगळुरूहून कोल्हापूरला येत होते. मध्ये अडीच तासांचे अंतर होते. कोल्हापूर विमानतळापासून त्याचे गाव दोन-अडीच तासांवर आहे. दोन कंपन्यांचा आपसात करार नसला की त्यांची तिकिटे अशी जोडून बहुधा दाखवली जात नाहीत. महिन्याने तो भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, “अण्णा, फोननं दाखवलंच न्हाई की ओ.” पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरे थांबत नाही, हा धोका त्यात होता, हे मला मान्य आहे. तो पत्करायचा की नाही हे ठरवण्याची संधी मात्र त्या मुलाला मिळाली नाही.

छपाई का बंद झाली याची कारणे मला ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. १९२९ साली अमेरिकेत विमानांच्या वेळांची पहिली मोठी मार्गदर्शिका निघाली तेव्हा तीत ३५ कंपन्यांची मिळून ३०० उड्डाणे होती. तेवढी आज एखाद्या मध्यम विमानतळावरून दिवसभरात होतात. साठच्या दशकात आरक्षण संगणकावर गेले, नव्वदच्या दशकात इंटरनेट आले, आणि १ जून २००८ पासून जगभरच्या कंपन्यांनी लाल कार्बनची कागदी तिकिटेच बंद केली. तिकीटच कागदावर राहिले नाही, तिथे वेळापत्रक कोण छापणार? छापून हातात पडेपर्यंत निम्म्या वेळा बदललेल्या, हेही आम्ही अनुभवले आहे. कचेरीतल्या प्रतीवर माझ्याच पेन्सिलीच्या इतक्या खुणा असत की मूळ आकडा शोधावा लागे. मार्च २०२० मध्ये देशांतर्गत विमाने दोन महिने पूर्ण थांबली आणि २५ मेपासून तुटक-तुटक सुरू झाली, तेव्हा तर कुठलेही छापील कोष्टक आठवडाभरही टिकले नसते.

तरीही वेळा रोज उठून बदलतात हे खरे नाही. विमान वाहतुकीचे वर्षात दोनच हंगाम असतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय प्रत्येक हंगामाआधी कंपन्यांची वेळापत्रके मंजूर करते. म्हणजे संपूर्ण कोष्टक कुठेतरी तयार असते, संगणकात असते, आणि तिकिटे विकणाऱ्यांना ते मिळतेही. फक्त प्रवाशाला ते कोष्टक म्हणून पाहायला मिळत नाही. मागे काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावर निदान पीडीएफ ठेवत, आता तीही शोधून सापडणे कठीण झाले आहे. याचा एक परिणाम असा की, एखादी सेवा बंद झाली तर ती कुणाच्या लक्षातच येत नाही. पूर्वी नव्या वेळापत्रकातून एखादी ओळ गळाली की आम्ही जुने आणि नवे शेजारी ठेवून ती दाखवू शकत होतो, व्यापारी मंडळी खासदारांकडे निवेदन घेऊन जात. आज निवेदनाला काय जोडायचे, फोनचा स्क्रीनशॉट?

हौशी लोकांचा हा हट्ट आहे असे म्हणावे, तर जपानात १९२५ साली सुरू झालेले, जेटीबी या प्रवास-कंपनीच्या नावाचे मासिक वेळापत्रक अजून छापले जाते, आणि रेल्वेबरोबर त्यात देशांतर्गत विमानांच्याही वेळा असतात. टॉमस कुक कंपनीने १८७३ पासून चालवलेले युरोपच्या रेल्वेचे वेळापत्रक २०१३ मध्ये बंद केले, तेव्हा पुढच्याच वर्षी ते स्वतंत्रपणे पुन्हा निघू लागले. आपल्याकडेही किराणा दुकानाच्या दिनदर्शिकेमागे मिरजेच्या गाड्यांच्या वेळा छापलेल्या असत, आणि ते पान वर्ष संपले तरी भिंतीवर राही.

विमान कंपन्या माझे ऐकणार नाहीत, म्हणून विनंती आपल्याला आहे. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आपल्या सांगली आवृत्तीत पाव पान या कामाला द्यावे. कोल्हापूर, बेळगाव आणि पुणे या क्रमाने शहरे, समोर वार, सुटण्याची व पोहोचण्याची वेळ आणि कंपनीचे नाव, एवढेच पुरे. पुण्याची सगळी उड्डाणे मावणार नाहीत, त्यातली आपल्या भागातल्या लोकांना लागणारी दक्षिणेची व कोलकात्याची घ्यावीत. भाडे छापू नये, ते तासाला बदलते. वेळा गोळा करून कोष्टक तयार करण्याचे काम मी विनामोबदला करीन. ते आपल्या कचेरीत कुणीतरी एकदा तपासून घ्यावे, कारण माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. शेवटचा एक रकाना मात्र कोरा ठेवावा. हंगामाच्या मध्ये वेळ बदलली तर वाचकाला पेन्सिलीने लिहायला तेवढी जागा लागते.

आपला नम्र,
एक निवृत्त तिकीट-कारकून
सांगली