आठ दिवस आणि एक सही

फोंडा, गोवा
१९ डिसेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू विचारलंस आणि नेमकी लाइन तुटली. गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर भित्रा होता की शहाणा, यावर तुमच्या अकादमीच्या मेसमध्ये वाद झाला आणि तू गोव्याचा म्हणून सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसले. तुला उत्तर सुचलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस, फोनवर मलाही सुचलं नसतं. आज गोवा मुक्तिदिन. आई बाजारात गेली आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो.

मान्युएल आंतोनियो वासालो ई सिल्व्हा. जन्म १८९९चा, पोर्तुगालमधल्या तोरेस नोव्हास गावचा. सैन्यात इंजिनियर, म्हणजे पूल, रस्ते, पाणी बघणारा माणूस. त्याची थोरली बहीण मारिया लामास नावाजलेली लेखिका. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीविरुद्ध उभी राहिली म्हणून ती तुरुंगात जाऊन आली होती. आणि त्याच सालाझारनं १९५८ साली भावाला गोव्याचा गव्हर्नर जनरल करून पाठवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या खात्यातले म्हातारे मुकादम त्याचं नाव जरा अदबीनं घ्यायचे. पाकल्यांना, म्हणजे पोर्तुगीजांना, एरवी शिव्या घालणारी ही माणसं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

पण त्याला सज्जन ठरवून मोकळा होऊ नकोस. आपल्या लोकांना ज्या राजवटीनं आग्वादच्या किल्ल्यात कोंडलं, त्या राजवटीचा तो इथला मुखत्यार होता. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे सांगलीचे मोहन रानडे पकडले गेले १९५५ साली, म्हणजे तो यायच्या आधी. पण सुटले कधी? १९६९ला, तेही लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगातून. गोवा मुक्त होऊन तेव्हा सात वर्षं उलटली होती.

आता मुद्द्याचं. १४ डिसेंबर १९६१ला सालाझारचा संदेश आला. तह नाही, पोर्तुगीज युद्धकैदी नाहीत, शरण गेलेली जहाजं नाहीत. सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले, नाहीतर मेलेले. निदान आठ दिवस तग धरा, तेवढ्यात आम्ही जगात ओरड करतो. हे लिहिणारा लिस्बनमध्ये बसला होता आणि मरायचं होतं गोव्यात असलेल्या साधारण साडेतीन हजार पोरांना. त्यांच्याकडे एक लढाऊ विमान नव्हतं, आणि विमानविरोधी तोफा होत्या त्या मोजक्या आणि जुनाट. रणगाड्यांवर मारायचे गोळे मागवताना सांकेतिक शब्द ठरला होता ‘चोरीस’. त्यांचे जुने सैनिक सांगत, विमानानं खरोखरच चोरीस आले, डुकराच्या मांसाचे, खायचे! तुला हसू येईल. मला पहिल्यांदा ऐकताना आलं होतं, मग आलं नाही.

१८ तारखेला, सोमवारी, आपल्या सैन्याचा हल्ला सगळीकडून एकदमच आला. सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर आणि बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर बॉम्ब पडले. दुपारी मुरगावच्या बंदरात आफोन्सो द आल्बुकेर्क ही त्यांची जुनी लढाऊ नौका आपल्या नौदलाच्या बेटवा आणि बियास या नौकांशी झुंजली आणि शेवटी किनाऱ्याला घुसवावी लागली. तिच्या खलाशांना भित्रं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. रात्री धावपट्टीवरचे खड्डे कसेबसे बुजवून त्यांची दोन विमानं बायकामुलांना घेऊन कराचीला निसटली. जमिनीवरून ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून आली. त्यातली मराठा पलटण उसगावमार्गे थेट आपल्या फोंड्यात. तुझी आजी तेव्हा माहेरी भोमला होती. बाणस्तारीचा पूल पाकल्यांनी उडवला तेव्हा मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटले आणि हळदीचा डबा चुलीत सांडला, एवढंच तिचं मुक्तिसंग्रामाचं वर्णन असायचं. दरवर्षी आजच्या दिवशी सांगायची. हळद जळल्याचा वास मात्र ती अगदी नाक आक्रसून सांगायची.

पूल उडवले, पण पणजी उडवली नाही. जाताना इमारती उद्ध्वस्त करा, असंही फर्मान होतं. ते वासालोनं पाळलं नाही. आता कोणी म्हणेल, आपल्यावर उपकार केले. तसं काही नाही. पूर्वेतल्या आपल्याच थोरवीच्या खुणा आपण पुसायच्या नाहीत, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे अभिमान त्यांचा आणि मांडवीकाठचा जुना राजवाडा आपला राहिला. इतिहासात असे व्यवहार बरेच असतात.

१९च्या संध्याकाळी वास्कोत त्यानं ब्रिगेडियर ढिल्लन यांच्यासमोर शरणागतीवर सही केली. आठ दिवसांचे दोन दिवसही भरले नव्हते. दोन्हीकडची मिळून पन्नासेक माणसं गेली. फर्मान पाळलं असतं तर किती गेली असती, ते तुम्ही नकाशे वाचणारे लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

पुढचे काही महिने तो आणि त्याचे सैनिक इथेच छावण्यांत कैदी. १९६२च्या मे महिन्यात मायदेशी गेले तेव्हा स्वागत गुन्हेगारांसारखं झालं. १९६३ला त्याला सैन्यातून काढून टाकलं. काही अधिकाऱ्यांनाही सोबत शिक्षा झाल्या. आणि गंमत बघ, १९७४च्या २५ एप्रिलला ती राजवट उलथवली कोणी? सैन्यातल्याच कप्तानांनी. आफ्रिकेतली युद्धं लढून ते थकले होते, आणि हरलो की सरकार खापर आपल्याच डोक्यावर फोडतं हे त्यांनी गोव्यात पाहिलं होतं. त्यानंतर म्हाताऱ्याला हुद्दा परत मिळाला. पुढे तो गोव्याला येऊनही गेला, लोकांनी आपुलकीनं वागवलं. १९८५ला वारला.

तुझ्या दोस्तांना सांग, भित्रा नव्हता. भित्रा असता तर सालाझारला घाबरला असता. आपल्या सैन्यापुढे शरण जाणं सोपं होतं, त्या सहीनंतर लिस्बनला परत जाणं अवघड होतं. माझं मत एवढंच, आणि ते एका रिटायर्ड ज्युनियर इंजिनियरचं आहे, तुमच्या पुस्तकातलं नव्हे.

सहीवरून एक सांगायचं राहिलं होतं. आईलासुद्धा सगळं सांगितलेलं नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी रस्त्याखालच्या एका मोरीचं एम. बी., म्हणजे कामाच्या मापांची वही, माझ्या टेबलावर आलं. पाया कागदावर दीड मीटर. मी स्वतः टेप टाकला होता, सव्वा मीटरसुद्धा भरत नव्हता. साहेब म्हणाले, मार्च आहे, बिल अडकवू नकोस. मी सही केली. कोणी बंदूक रोखली नव्हती, फार तर बदली झाली असती. त्याच पावसाळ्यात मोरीची एक बाजू खचली आणि पहाटेच्या अंधारात दुधाची रिक्षा कलंडली. चालवणाऱ्याचा हात मोडला. तो डावा हात अजून पुरता वर जात नाही. तू ओळखतोस त्याला. लहानपणी त्याच्या रिक्षात बसायला हट्ट करायचास, आणि तो तुला एकाच हातानं उचलून घ्यायचा.

आजही सकाळी दूध घालून गेला. तुझी चौकशी करत होता, साहेब कधी होणार म्हणून. एप्रिलमध्ये येईल म्हणालो.

आई आली बघ. लोकरीचे मोजे पार्सलनं पाठवलेत, पोचले की कळव.

तुझा,
बाबा