ड्रोग बिघडले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत ऑस्ट्रियाचा स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर याने १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फुग्याखालच्या कॅप्सूलमधून, सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून मारलेल्या उडीवर आपण पानभर मजकूर छापला. विषय चांगला निवडलात, त्याबद्दल आभार. त्या दिवशी ज्यांनी थेट प्रक्षेपण पाहिले त्यांना उजळणी झाली, ज्यांनी पाहिले नाही त्यांना ओळख. मात्र ती ओळख कोणाची झाली, हा प्रश्न आहे.

लेखात म्हटले आहे की गिरक्या सुरू झाल्यावर सुरक्षेसाठी दिलेले छोटे पॅराशूट उघडलेच नाही आणि केवळ नशिबाने माणूस वाचला. छोटे पॅराशूट, म्हणजे पडणाऱ्याला स्थिर ठेवणारे ड्रोग, उघडले नाही एवढेच खरे. ते बिघडलेले नव्हते. उघडण्याची अट पूर्ण झाली नाही, म्हणून ते जागेवर राहिले. अट अशी होती की अंगावर साडेतीन ‘जी’चा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साडेतीनपट, भार सलग सहा सेकंद राहिला तरच ते आपोआप सुटावे. तेवढा भार तेवढा वेळ टिकला नाही. शिवाय हाताने सोडण्याची कळ बाउमगार्टनरपाशी होती आणि ती त्याने दाबली नाही. यंत्रणेने ठरल्याप्रमाणे काम केले, माणसानेही केले. आपल्या लेखकाने मात्र दोघांच्या श्रमाचे श्रेय नशिबाला देऊन टाकले.

कळ का दाबली नाही, हे लेखात यायला हवे होते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ ड्रोगसह आणि ड्रोगविना असे उभ्या वेगाचे विक्रम वेगळे मोजतो. ड्रोग बाहेर आले असते तर त्या दिवशीचा ताशी १,३५७.६ किलोमीटरचा, ड्रोगविना वेगाचा विक्रम तिथेच संपला असता. म्हणजे कळ त्याच्या हाताशी, गिरकी वाढत चाललेली आणि दाबायचे की नाही ते त्यानेच ठरवायचे. प्रक्षेपणात लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यातून आपल्याला दिसत होता तो फक्त गरगरणारा पांढरा ठिपका. तेही वीस सेकंद उशिराने, कारण काही भीषण घडले तर चित्र थांबवता यावे म्हणून प्रक्षेपण मुद्दाम मागे ठेवले होते.

आता सहा सेकंदांविषयी. आडव्या गिरकीत शरीराचा मध्य हा आस होतो आणि डोके कडेला जाते. रक्त डोक्याकडे आणि डोळ्यांकडे फेकले जाते. फिरण्याचा वेग फार वाढला तर शुद्ध हरपते आणि शुद्ध हरपलेला माणूस कळ दाबू शकत नाही, म्हणून ड्रोग आपोआप सुटण्याची सोय. मग पहिल्याच झटक्याला का सोडू नये? कारण फिरणाऱ्या माणसाच्या अंगाला ड्रोगची दोरी गुंडाळली जाऊ शकते. हा काही कागदावरचा धोका नाही. १६ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी हवाई दलाच्या ‘एक्सेलसियर १’ मोहिमेत सुमारे २३ किलोमीटर उंचीवरून जोसेफ किटिंजरने उडी मारली. त्याचे ड्रोग वेळेआधी, पुरेसा वेग यायच्या आत बाहेर आले आणि दोरी त्याच्या गळ्याभोवती आवळली. मिनिटाला सुमारे १२० फेरे घेत तो बेशुद्ध पडला. आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटमुळे जिवंत राहिला. हाच किटिंजर ८४ व्या वर्षी अमेरिकेतल्या रॉसवेलच्या नियंत्रण कक्षात बसून बाउमगार्टनरच्या कानात एकेक पायरी वाचून दाखवत होता: कॅप्सूलमधला दाब सोड, दार उघड, पट्टा काढ, बाहेरच्या पायरीवर उभा राहा. आपल्या लेखात किटिंजर एका ओळीत आटोपला आहे, ‘जुना विक्रमवीर’ म्हणून.

गिरकी मुळात का लागली याला लेखात ‘अचानक’ एवढाच शब्द आहे. ३९ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका असतो. नेहमीचा स्कायडायव्हर हात, तळवे, गुडघे हवेवर टेकवून तोल राखतो. इथे टेकवायला हवाच नाही. म्हणून पायरीवरून जोराने झेप न घेता जेमतेम पाय सोडायचा असतो. बाहेर पडताना जो थोडासा कल शरीराला मिळतो, तो सुरुवातीला दुरुस्त करताच येत नाही. त्यात दर चौरस इंचाला साडेतीन पौंड दाबाने फुगलेला सूट इतका ताठ असतो की हात वाकवणे हीच मेहनत. पुढे हवा लागू लागते तेव्हा वेग आवाजाच्या पलीकडे गेलेला असतो आणि शरीराच्या दोन बाजूंवर ती सारखी लागत नाही. हीच हवा आणखी दाट झाल्यावर हातापायांना धरायला आधार मिळतो. बाउमगार्टनर गिरकीतून सुटला तो असा.

ताशी १,३५७.६ हा आकडाही लेखकाला पटलेला दिसत नाही. त्यांनी आवाजाच्या सव्वापट वेग म्हणून १,५३१ छापले आहे. जमिनीवरचे १,२२५ घेऊन गुणाकार केलेला स्पष्ट दिसतो. गुणाकार बरोबर, उत्तर चूक. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. तिथल्या थंडीत तो ताशी १,०८६ किलोमीटरच्या आसपास होता. त्याची सव्वापट काढा, आकडा जुळतो. ‘गुरुत्वाकर्षण संपते त्या सीमेवरून’ या वाक्याबद्दल काय बोलावे? ३९ किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीपेक्षा जेमतेम सव्वा टक्का कमी असते. संपले असते तर गडी खाली कशाला आला असता?

आणि फोटो! पाव पान व्यापणाऱ्या त्या फोटोत फुग्याखाली माणूस थेट लटकलेला आहे, कॅप्सूलचा पत्ता नाही. तो बाउमगार्टनर नव्हे, ॲलन युस्टेस आहे. त्याने २४ ऑक्टोबर २०१४ रोजी ४१,४१९ मीटरवरून उडी मारली. म्हणजे बाउमगार्टनरच्या ३८,९६९ मीटरपेक्षा जवळजवळ अडीच किलोमीटर जास्त उंची. ‘आजही अबाधित’ म्हणून आपण छापलेला उंचीचा विक्रम त्याच फोटोतल्या माणसाने मोडला आहे, ही गंमत संपादकीय विभागात कोणाच्याच लक्षात आली नाही का? युस्टेसने ड्रोग वापरले, सुटल्यावर लगेचच उघडले आणि दोरी अंगाला गुंडाळू नये म्हणून तिला ताठ नळीचा आधार दिला. परिणाम असा की अधिक उंचीवरून पडूनही त्याचा सर्वाधिक वेग ताशी १,३२२ किलोमीटर राहिला. उंची एकाची, वेग दुसऱ्याचा, फरक ड्रोगचा. मुक्त पतनाचा कालावधीही बाउमगार्टनरने मोडलेला नाही. किटिंजरचे १९६० मधले ४ मिनिटे ३६ सेकंद ड्रोगसह होते, याची ४ मिनिटे २० सेकंदे ड्रोगविना. ‘सर्व विक्रम मोडीत’ हा उपमथळा त्यामुळे निकालात निघतो.

फुगा वर जातानाचे अडीच तास रटाळ होते, असेही आपल्या लेखकाला वाटते. त्यांनी ते पाहिले असावेत याची खात्री वाटत नाही. हेल्मेटची काच तापवणारी यंत्रणा नीट चालत नसल्याची शंका त्याच वेळी आली होती आणि श्वास सोडला की काच धुरकट होते अशी तक्रार बाउमगार्टनर करत होता. काच गोठली तर उंची दिसणार नाही, जमीन दिसणार नाही, पॅराशूट नीट उघडले की नाही तेही दिसणार नाही. मोहीम सोडून त्याला कॅप्सूलसकट तिच्याच पॅराशूटने खाली आणायचे की पुढे जायचे, हा निर्णय त्या ‘रटाळ’ वेळात झाला. त्याच्या पाच दिवस आधी, ९ तारखेला, वाऱ्याच्या झोताने अर्धवट भरलेला फुगा पिळवटला आणि उड्डाण रद्द झाले. ०.०२ मिलिमीटर जाडीचे ते प्लास्टिक एकदा उलगडले की पुन्हा वापरता येत नाही, म्हणून दुसरा फुगा काढावा लागला. लेखात ९ तारीखच नाही.

जाता जाता आणखी एक. याआधी याच स्तंभात आलेल्या माझ्या पत्रातले दशांशचिन्ह आपल्याकडे गळून पडले होते आणि ३.५ चे ३५ झाले होते. साडेतीनऐवजी पस्तीस ‘जी’ सलग सहा सेकंद कोणी सोसत नाही. तेव्हा जागेअभावी कात्री चालवायची असेल तर माझे आभाराचे वाक्य खुशाल काढा, आकडे मात्र आहेत तसे ठेवा. आणि युस्टेसच्या फोटोखालची ओळ दुरुस्त करताना ती शब्दकोड्याच्या उत्तरांखाली बारीक अक्षरांत नको. फोटो जिथे छापला होता त्याच पानावर हवी.

आपला,
एक वाचक