टायर आधी वेगळे करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी जो लेख आला, त्यात प्लास्टिकच्या मोटारगाड्यांच्या जुन्या मॉडेल किटवर, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या गाड्यांवर, दोन परिच्छेद होते. या छंदाबद्दल मराठीत क्वचितच कुणी लिहितं, म्हणून ते मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात मात्र अस्वस्थ झालो. लेखात दोन सल्ले आहेत. पहिला असा की सीलबंद डबा कधीही उघडू नये. दुसरा असा की कुणीतरी आधीच जोडून टाकलेलं मॉडेल निकामी समजावं, ते सांभाळण्यात अर्थ नाही. लेखकाचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण हे दोन्ही सल्ले लोकांनी मनावर घेतले तर जे वाचवायचं तेच हातातून जाईल.

मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरून वस्तू काढायचे, पोलादी साचे बनवले. निवृत्तीनंतर जुनी किट गोळा करतो, जोडतो आणि इतरांनी जोडून मोडलेली दुरुस्त करतो. त्यामुळे हे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असं मानतो.

आधी सीलबंद डब्याचं. सहा वर्षांपूर्वी एका अमेरिकी कंपनीचं साठच्या दशकाच्या उत्तरार्धातलं किट मला मिळालं. प्लास्टिकचं आवरण शाबूत होतं, झाकणावरच्या चित्राचा रंगही उतरलेला नव्हता. मलाही तेव्हा वाटलं की हे जसंच्या तसं ठेवावं. चार वर्षं ते कपाटात आडवं पडून होतं. शेवटी उघडलं. चारही टायर सुटे होते, पिशवीत नव्हते. एक टायर पुढच्या काचेवर टेकून पडला होता आणि काचेत टायरच्या नक्षीसकट अर्धवर्तुळ उमटलं होतं, डाग दिल्यासारखं. दुसरा छताला चिकटला होता. तो ओढून काढला तर छताचं प्लास्टिक तिथे मेणासारखं मऊ लागलं. छत पुट्टी भरून, घासून सरळ झालं. काच मात्र गेली. पारदर्शक भागात पुट्टी भरता येत नाही.

हे का होतं ते सांगतो, कारण लेखात याचा उल्लेखच नाही. किटचे बहुतेक भाग पॉलिस्टायरीनचे असतात. टायर मात्र मऊ व्हिनाइलचे, म्हणजे पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते रबरासारखं मऊ व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळतात. हे द्रव्य टायरमध्ये कायमचं बांधलेलं नसतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू बाहेर झिरपतं, आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकलेला असेल त्याला ते मऊ करतं, विरघळवतं. उष्णता असेल तर काम आणखी लवकर होतं. बंद डब्यात हे थांबत नाही. उलट तिथे ते कुणाला दिसत नाही, एवढाच फरक. सगळ्याच किटमध्ये असं होतं असं नाही. भाग डब्यात कसे पडले आहेत आणि त्या टायरचं मिश्रण कसं आहे यावर ते अवलंबून असतं. पण आत काय चाललं आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

उपाय अगदी सोपा आहे. टायर काढून पॉलिथिनच्या वेगळ्या पिशवीत ठेवावेत. पॉलिथिनवर या द्रव्याचा परिणाम होत नाही. क्रोमचे भाग आणि काचा एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्याही निरनिराळ्या पिशव्यांत. जोडलेल्या मॉडेलमध्ये टायर चढवण्याआधी रिमला चिकटणाऱ्या धातूच्या पातळ फॉइलचा एक वेढा द्यावा. म्हणजे टायर प्लास्टिकला थेट लागत नाही.

बाहेरच्या आवरणाचंही फार कौतुक नको. तसं आवरण आजही कुणीही नव्याने चढवू शकतो, त्यामुळे ‘सील आहे म्हणजे आत सगळं मूळचं आहे’ हा पुरावा होत नाही. शिवाय ते काळाबरोबर आक्रसतं आणि पुठ्ठ्याचा डबा कडेने वाकवतं. माझ्याकडचे दोन डबे असेच मध्ये दबले आहेत.

डिकॅलचंही तेच, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या आकड्यांचं आणि चित्रांचं. पिवळी पडलेली डिकॅल फेकायची नसतात. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन लागू दिलं की पिवळेपणा बराच उतरतो. मग त्यावर ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक लॅकरचा, पातळ फवारा मारायचा, कारण जुन्या डिकॅलच्या लॅकरला चिरा गेलेल्या असतात आणि पाण्यात टाकताच त्याचे तुकडे होतात. पहिली चाचणी न लागणाऱ्या एखाद्या आकड्यावर करावी. आणि हे सगळं करण्याआधी कागद स्कॅन करून ठेवावा. यातलं एकही काम डबा बंद ठेवून होत नाही.

आता मला खरं सांगायचं आहे ते साच्यांबद्दल. ही किट जपायची कशासाठी, हे साचे समजल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या शेवटी काही कंपन्या मोटार विक्रेत्यांसाठी छोट्या गाड्या बनवू लागल्या. नवी गाडी शोरूममध्ये आली की तिचं १/२५ आकाराचं मॉडेल ग्राहकाला दाखवायला किंवा भेट द्यायला असे. त्यांना प्रोमो म्हणतात. एएमटी ही कंपनी १९४८ मध्ये मिशिगनमध्ये सुरू झाली. तिच्या नावातला ‘ए’ अ‍ॅल्युमिनियमचा, कारण सुरुवातीची मॉडेलं त्या धातूची होती. तिच्या आधी एक वर्ष, १९४७ मध्ये, डेट्रॉइटला जो-हान ही कंपनी जॉन हॅनली यांनी काढली. हॅनली स्वतः टूल अँड डाय मेकर होते, माझ्याच धंद्यातले. जो-हानच्या बॉडीच्या रेषा हातात घेऊन पाहिल्या की हे लगेच कळतं. गाडीच्या पत्र्याला जो हलका बाक असतो तो त्या माणसाने पोलादात पकडला आहे. मी फार कमी साच्यांत असं काम पाहिलं.

१९५८ मध्ये एएमटीने ‘थ्री इन वन’ किट आणली. त्याच गाडीची मॉडेलं सुट्या भागांत, आणि तीन तऱ्हांनी जोडता येतील अशी: कारखान्यातून निघते तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. गाडीचं मॉडेल दर वर्षी बदले, म्हणून किटही दर वर्षी नवं. संग्राहक यांना ‘अ‍ॅन्युअल’ म्हणतात.

दर वर्षी सगळा साचा नव्याने बनवणं परवडण्यासारखं नव्हतं, त्यामुळे अनेकदा जुनाच साचा बदलून नव्या वर्षाचा केला जाई. साच्यात सगळं उलटं असतं. पोलाद कोरून काढलं की प्लास्टिकवर तेवढी भर येते. प्लास्टिकवरचं काही कमी करायचं असेल तर साच्यात वेल्डिंगने धातू भरून ती जागा पुन्हा कोरावी, पॉलिश करावी लागते. हे काम मी आयुष्यभर केलं आहे. एकदा ते झालं की आधीचा आकार त्या पोलादात उरत नाही. नवं ग्रिल कोरलं त्या दिवशी गेल्या वर्षीची गाडी संपली. पुढे सत्तरच्या दशकात यातल्या काही साच्यांची चाकांची कमान कापून, आतल्या सीट काढून शर्यतीच्या गाड्या केल्या गेल्या. त्या साच्यांतून मूळ गाडी परत काढणं शक्य राहिलं नाही.

म्हणून जुन्या अ‍ॅन्युअलचे जे तुकडे आज लोकांच्या घरात आहेत तेवढेच आहेत. सध्या इंडियानातली राउंड टू ही कंपनी एएमटी आणि एमपीसी (किट बनवणारी आणखी एक जुनी कंपनी) या नावांनी जुनी किट पुन्हा काढते. जिथे मूळ साचा टिकला आहे तिथे त्यातूनच. जिथे साचा गेला आहे तिथे काही किटच्या बाबतीत जुन्या भागांचं स्कॅनिंग करून नवे साचे केले गेले. विचार करा, त्यासाठी कुणाच्या तरी डब्याचं झाकण उघडावंच लागलं असणार. भाग हातात आल्याशिवाय मोजणार काय?

क्रायसलरच्या टर्बाइन कारचं उदाहरण मला नेहमी आठवतं. जेट विमानासारखं टर्बाइन इंजिन असलेल्या त्या ५५ गाड्या साठच्या दशकाच्या सुरुवातीला बनल्या, सामान्य लोकांना चालवून पाहायला दिल्या गेल्या आणि मग कंपनीने त्यातल्या ४६ नष्ट केल्या. उरल्या ९. जो-हानने त्या गाडीचं १/२५ चं किट काढलं होतं. माझ्याकडे ते जोडलेलं आहे. बॉनेट उघडून टर्बाइनकडे बघताना मला त्या ४६ गाड्यांचं फार वाईट वाटतं. हे किट कपाटात बंद राहिलं असतं तर ते इंजिन मी कधी पाहिलं नसतं.

आता दुसरा सल्ला, जोडलेलं मॉडेल निकामी समजण्याचा. आमचे मामा जहाजावर इंजिनीअर होते. त्यांनी दादासाठी एएमटीची १९६४ ची शेवरोले इम्पाला आणली, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि दादा चौदाचा. ती दादाने जोडली. किटचे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात; मला फक्त ते चौकटीतून कापून द्यायची परवानगी होती. ट्यूबमधलं सिमेंट, म्हणजे प्लास्टिक चिकटवायचा गोंद, भरपूर वापरलेलं, बॉनेट अर्धवट बसलेलं, मागचे सहा दिवे ताईच्या नेलपॉलिशने रंगवलेले. अशा मॉडेलला छंदातले लोक ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात. दादा गेला, तेव्हा वहिनीने त्याच्या सामानातून ती माझ्याकडे दिली. एक चाक नव्हतं, पुढची काच आतून पांढुरकी झाली होती.

ती मी सात महिने घेऊन दुरुस्त केली. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की जुन्या सिमेंटचे गोळे ठिसूळ होतात आणि हलक्या दाबाने सांधे सुटतात. सगळे नाही सुटत. सिमेंट प्लास्टिक विरघळवूनच चिकटवतं, त्यामुळे जिथे दादाने नीट दाबून धरलं होतं तिथे दोन तुकड्यांचा एकच झाला होता. ते तसेच राहू दिले. झिजलेलं क्रोम घरातल्या ब्लीचमध्ये उतरतं, कारण ते क्रोमियम नसून अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. काच दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून, मग पॉलिशिंग कंपाउंडने चोळून जवळजवळ स्वच्छ झाली. बॉडीचा साचा बाजूंनीही उघडतो, त्यामुळे मडगार्डवर जोडरेषा राहतात. त्या घासल्याशिवाय रंग देऊ नये.

खालून चॅसी उघडली तेव्हा पुढचा आस दिसला. त्या काळच्या या किटमध्ये तारेचा आस सरळ इंजिनच्या ब्लॉकमधल्या भोकातून आरपार जातो. खऱ्या गाडीत असं काही नसतं, पण चाकं फिरावीत म्हणून डिझाइन करणाऱ्याने केलेली ती सोय. दादाने ते भोक पुट्टीने बुजवलं होतं आणि आसाला काड्यापेटीच्या काडीचे दोन आधार देऊन तो इंजिनच्या खालून नेला होता. चौदा वर्षांच्या मुलाला ते भोक खटकलं होतं. मी कापलेले भाग त्याने हातात घेऊन आधी किती वेळ पाहिले असतील! मला हे माहीत नव्हतं. साठ वर्षं माहीत नव्हतं. काडीचे ते आधार मी पातळ सिमेंटने पक्के केले आणि आस तिथूनच ठेवला.

आपल्या लेखानुसार ती गाडी फेकून द्यायची होती.

जोडलेल्या जुन्या गाड्या दुसऱ्या अर्थानेही उपयोगी असतात. एखाद्या किटमध्ये बंपर नसतो, एखाद्यात काच. हे भाग मोडक्या मॉडेलमधूनच मिळतात. माझ्या इम्पालाचं चौथं चाक अशाच एका मोडलेल्या गाडीचं आहे.

म्हणून विनंती आहे की याच पुरवणीत, त्याच जागी, निदान टायरबद्दलची सूचना छापावी. मोठा खुलासा नको. लेख वाचून ज्यांनी आपल्या वडिलांचे किंवा काकांचे डबे पुन्हा कपाटात बंद केले असतील, त्यांच्यापर्यंत एवढं पोचलं तरी पुष्कळ. घर रिकामं करताना सापडलेली मोडकी मॉडेलं रद्दीत देण्याआधी तळाशी कंपनीचं नाव आणि साल दिसतं का पाहावं, सुटलेले तुकडे त्याच पिशवीत राहू द्यावेत.

आणि डबा उघडताना आवरणाला ब्लेड तळाच्या बाजूने लावावं, झाकणाच्या चित्रावरून नाही. ब्लेडचं टोक पुठ्ठ्यात शिरू देऊ नये. आवरण एका बाजूने सुटलं की बाकीचं हाताने निघतं. झाकण सरळ वर उचलावं, तिरकं ओढल्यास जुन्या पुठ्ठ्याचे कोपरे फाटतात. मग सगळ्यात आधी टायर.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त डाय मेकर