मंत्रीसाहेब, एआयचं ट्रेनिंग लिंकवर नको, तालुक्याला द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना

साहेब, नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. शाळेत एआय आणणार, एआय शिकवणार अशा बातम्या सारख्या येत असतात, पण आमच्या पोट्ट्यांकडे तो कधीचाच येऊन बसलाय. त्याच्यासाठी कॉम्प्युटर लॅब लागली नाही की जीआर लागला नाही. बापाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आहे, त्यात तो निळा गोल आहे, दाबला की विचारा काय विचारायचं ते. निबंध, गृहपाठ, प्रकल्प वही सगळं तिथून येतं आणि खरं सांगू, त्याची मला एवढी चिंता नाही, गाइडातून उतरवणारे पोट्टे आम्ही पंचवीस वर्षं पाहतोच आहोत.

चिंता दुसरीच आहे. आमच्याकडं घरात शिकलेलं माणूस म्हणजे नववी-दहावीतलं पोरगं. बोंडअळी आली की बाप त्यालाच म्हणतो, पाह्य रे फोनमध्ये, पंपाला किती औषध टाकायचं, ही दोन औषधं एकत्र चालतात का. पोरगं एआयला विचारतं आणि उत्तर इतक्या साफ मराठीत, इतक्या ठामपणे येतं की चुकीचं असेल असं वाटतच नाही. साहेब, हा यवतमाळ जिल्हा आहे, 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं इथं शेतकरी आणि शेतमजूर गेले, औषधांचं मिश्रण करून फवारणं हे त्यातलं एक कारण होतं हे तेव्हाच बोललं गेलं. आता त्याच मिश्रणाचा सल्ला कोण देतंय ते पहा. म्हणून मला पोरांना हे शिकवता आलं पाहिजे की हे यंत्र शब्दाला शब्द जोडून उत्तर बनवतं, माहीत नसलं तरी बनवतं. आणि मग डब्यावरचं लेबल वाचणं, विष किती जहाल ते सांगणाऱ्या लाल-पिवळ्या-निळ्या-हिरव्या त्रिकोणाचा अर्थ, कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) फोन करणं, हे सगळं त्याच तासात आलं पाहिजे. हा विज्ञानाचा तास आहे, वेगळा विषय कशाला पाहिजे? पण हा तास घ्यायचा कसा हे आम्हाला कोणी शिकवलं नाही.

ट्रेनिंग होतात, नाही असं नाही. लिंक येते, व्हिडिओ सुरू करून फोन टेबलावर ठेवायचा, आपण पेपर तपासायचे, शेवटच्या पाच प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली असतात, सर्टिफिकेट डाउनलोड, वरच्या ग्रुपवर टाका, झालं शंभर टक्के. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण म्हटलंय, ते तास असे भरले तर कागद भरतो, बाकी काही नाही. आणि जे थोडंफार एआयचं म्हणून दाखवतात त्यात प्रश्नपत्रिका दोन मिनिटात कशी काढायची आणि पीपीटी कसा बनवायचा एवढंच. युनेस्कोनं 2024 मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडा काढला, त्यात पाच भाग आहेत आणि त्यातले पहिले दोन माणूस केंद्रस्थानी ठेवणं आणि नैतिकता. आम्ही मात्र डायरेक्ट पीपीटीवर.

आता एक प्रसंग समजा. नववीतल्या मुलीचा स्नेहसंमेलनातला फोटो कोणी उचलला, एआयनं त्याचा घाणेरडा फोटो केला आणि तो फिरतोय. स्टाफरूममध्ये पहिलं काय होईल? दाखव पाहू म्हणून चार जण पाहतील आणि कोणीतरी पुरावा म्हणून मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करेल. असं फॉरवर्ड करणं हाच आयटी कायद्याच्या 67बी कलमाखाली गुन्हा आहे, आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणं पोलिसांना कळवणं शिक्षकालाही बंधनकारक आहे, गावात मिटवून टाकू म्हणता येत नाही. किती शिक्षकांना हे माहीत असेल? मुलीला त्या दिवशी काय बोलायचं, आईबापाला कोणी आणि कसं सांगायचं, ज्या पोरानं केलं तोही आपल्याच वर्गात बसतो त्याचं काय, हे व्हिडिओ पाहून येत नाही. ते समोरासमोर बसून, एकेक प्रसंग घेऊन, भांडून-बोलून येतं.

अफवांचंही तेच. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावानं मारलं. तेव्हा साधे मेसेज होते, आता आवाज आणि चेहरा दोन्ही बनवता येतात. आमच्याकडं तर टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य जवळ, वाघाचा व्हिडिओ कुठला का असेना, आपल्याच शिवारातला म्हणून फिरतो आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला बाया जात नाहीत. पोरांना व्हिडिओ तपासायला शिकवायचा तर मला यापेक्षा चांगलं उदाहरण नको.

आणि साहेब, राग मानू नका, डिजिटल नागरिकत्व आम्हाला शिकवण्याआधी वरून येणारे मेसेज पण पहा. पोरांच्या आधार नंबरची यादी ग्रुपवर टाका, उपक्रमाचे फोटो आजच्या आज टाका. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती हा मूळ नियम मानतो आणि आम्ही तीनशे जणांच्या ग्रुपवर याद्या टाकतो!

म्हणून मागणी सरळ आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात सलग तीन दिवस बसवा, तीस-पस्तीस शिक्षकांची एक बॅच, आणि सगळं फोनवर, कारण पोरांच्या हातात तोच आहे. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) लोकांसोबत सायबर पोलिस, कृषीचा माणूस आणि एखादी समुपदेशक बाई आणा. काही प्रसंग कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) आणि बंजारा तांड्यावरच्या पोरांचे घ्या, त्यांच्या भाषेत एआय धड बोलत नाही, ती पोरं मराठीत विचारतात आणि उत्तर अर्धंच कळतं. सहा महिन्यांनी परत एक दिवस बोलवा, वर्गात काय फसलं ते ऐकायला. आणि कृपा करून एखाद्या कंपनीच्या अ‍ॅपची जाहिरात म्हणून हे ट्रेनिंग करू नका. टूल दरवर्षी बदलतंच.

तारीख तेवढी दहावीच्या परीक्षेत आणि इलेक्शन ड्युटीत टाकू नका. दिवाळीनंतर वेचणीत अर्धे पोरं शाळेत नसतात, तेव्हा आम्ही मोकळे सापडतो, जरी ते चांगलं लक्षण नाही.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ