बाहेर काढलेला ग्राफ परत भरून पाहिला का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत ग्राफ डेटाबेसविषयी आलेला लेख वाचला. माहिती नोड (म्हणजे एकेक वस्तू दाखवणारे बिंदू) आणि त्यांना जोडणारी नाती या रूपात ठेवली की ‘अमुक गोष्ट तमुक गोष्टीशी किती पायऱ्यांनी जोडली आहे’ यासारखे प्रश्न किती सहज सुटतात, हे त्यात छान उलगडून सांगितले होते. मात्र अशा डेटाबेसात एकदा भरलेली माहिती पुन्हा बाहेर कशी काढायची आणि दुसरीकडे कशी भरायची, याविषयी ‘एक्स्पोर्ट आणि इम्पोर्टची सोय सर्वत्र असते’ एवढे एकच वाक्य होते. वाक्य खोटे नाही. पण त्यावर विसंबून माझे हात पोळले आहेत, म्हणून हे पत्र.

मी यंत्रांच्या सुट्या भागांची सूची सांभाळतो. प्रत्येक यंत्र एक नोड, प्रत्येक भाग एक नोड आणि ‘हा भाग त्यात बसतो’ हे त्यांच्यातले नाते. नात्यावर नगांची संख्या आणि यंत्राच्या कोणत्या आवृत्तीपासून तो भाग लागू झाला, याची नोंद. ही सूची एका ग्राफ डेटाबेसातून दुसऱ्यात न्यायचे ठरले. जुन्याच्या मेनूत एक्स्पोर्ट होते, नव्याच्या मेनूत इम्पोर्ट होते, त्यामुळे एका दुपारचे काम म्हणून आम्ही ते हाती घेतले. संध्याकाळी नव्या डेटाबेसातील नोडची संख्या जुन्याइतकीच भरली आणि सगळे समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती विभागातून विचारणा झाली, की पंपाचे गॅस्केट मागितले तर पडद्यावर बॉल बेअरिंग का दिसते?

कारण साधे होते. डेटाबेस प्रत्येक नोडला स्वतःच्या सोयीसाठी एक अंतर्गत क्रमांक देतो आणि दुरुस्ती विभागाच्या प्रणालीने भागाचा छापील क्रमांक सोडून हा अंतर्गत क्रमांकच आपल्या नोंदींत साठवला होता. नव्या डेटाबेसाने नोड ज्या क्रमाने आले त्या क्रमाने नवे क्रमांक वाटले. जुना क्रमांक नव्या ठिकाणी अस्तित्वात नसता तर निदान चूक झाल्याचा संदेश तरी आला असता. पण तो होता, फक्त दुसऱ्याच भागाचा होता, आणि म्हणून यंत्रणेला काही बिघडल्याचा पत्ताच लागला नाही. निओफोरजे या प्रसिद्ध ग्राफ डेटाबेसाच्या मार्गदर्शिकेत तर स्पष्ट इशारा आहे, की नोड पुसला गेला की त्याचा अंतर्गत क्रमांक पुढे दुसऱ्या नोडला दिला जाऊ शकतो, तेव्हा बाहेरच्या प्रणालींनी त्यावर अवलंबून राहू नये. आमचा डेटाबेस वेगळा होता, पण तो इशारा आम्ही आधी वाचला असता तर बरे झाले असते.

तक्त्यांच्या डेटाबेसात ही अडचण एवढी बोचत नाही, कारण तिथे एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीला रकान्यात उघड लिहिलेल्या किल्लीनेच ओळखते आणि तो रकाना फाइलीत जसाच्या तसा उतरतो. अनेक ग्राफ डेटाबेसांत मात्र नाते हे दोन नोडच्या अंतर्गत पत्त्यांना बांधलेले असते. ते फाइलीत लिहायचे म्हटले की ‘कोणापासून कोणापर्यंत’ हे शब्दांत किंवा अंकांत सांगावे लागते आणि त्यासाठी प्रत्येक नोडला डेटाबेसाच्या बाहेरही टिकणारे नाव असावे लागते. काही उत्पादनांनी हे आधीपासून ओळखले आहे: अरँगोडीबीमध्ये नात्याच्या नोंदीतच दोन्ही टोकांच्या किल्ल्या लिहिलेल्या असतात. निओफोरजेच्या घाऊक आयात साधनाला नोडच्या फाइलीत ओळखक्रमांकाचा रकाना आणि नात्यांच्या फाइलीत सुरुवात, शेवट व प्रकार असे रकाने द्यावे लागतात. जिथे असा रकाना मागितला जातो तिथे माणूस निदान एकदा विचार तरी करतो, की आपल्या माहितीची खरी ओळख कशात आहे.

इथे डंप आणि एक्स्पोर्ट यांतला फरकही सांगायला हवा, कारण दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. डंप म्हणजे डेटाबेसाच्या पोटातल्या साठ्याची जशीच्या तशी प्रत. ती झटपट निघते, झटपट भरते, पण बहुधा त्याच उत्पादनाच्या जुळत्या आवृत्तीतच उघडते. एक्स्पोर्ट म्हणजे तीच माहिती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर), जेसन, ग्राफएमएल अशा फाइलींच्या प्रकारांत किंवा पुन्हा चालवता येतील अशा आज्ञांच्या रूपात मांडणे, जी दुसऱ्यालाही वाचता यावी. डंप जवळ आहे म्हणून आपण एका उत्पादनात अडकलेलो नाही, असे समजणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. शिवाय चालू डेटाबेसातून तासभर एक्स्पोर्ट चालले आणि त्याच वेळी कोणी भर घालत असेल, तर फाइलीत एखादे नाते येते आणि त्याच्या एका टोकाचा नोडच येत नाही, कारण नोड वाचून झाल्यावर तो जन्मला. लिखाण थांबवून काढलेली फाइलच भरवशाची.

आमची दुसरी फजिती अधिक बोधप्रद होती. पहिली आयात रद्द करून आम्ही भागाच्या छापील क्रमांकावर आधारलेल्या फाइली तयार केल्या. नात्यांची फाइल भरत असताना अर्ध्यावर जोडणी तुटली. सहकाऱ्याने ती फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवली. आज्ञा ‘क्रिएट’ची होती, म्हणजे ‘आहे का ते न पाहता नवे बनव’. परिणामी फाइलीच्या पहिल्या अर्ध्या भागातले प्रत्येक नाते दोनदा तयार झाले आणि ज्या झाकणाला चार बोल्ट लागतात त्याला बेरजेत आठ बोल्ट दिसू लागले. यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय आम्हीही केला: ‘मर्ज’ वापरले, म्हणजे ‘असेल तर तेच घे, नसेल तर बनव’. आता फाइल कितीही वेळा चालवा, दुबार होणार नाही. बोल्ट चारवर आले. पण त्याच यंत्राच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाचे बेअरिंग बसते आणि त्या बेअरिंगपासून त्या यंत्राकडे जाणारी दोन वेगळी, अगदी खरी नाती होती; दोन्हींवर प्रत्येकी एक नग लिहिलेला. ‘मर्ज’च्या दृष्टीने ती दोन्ही सारखीच, म्हणून त्याने एकच ठेवले. ‘क्रिएट’ने दोनाची चार केली होती, ‘मर्ज’ने दोनाचे एक केले.

यातून निघालेला उपाय मला कोणत्याही पाठात ठळकपणे दिसला नव्हता: नात्यालाही स्वतःची ओळख हवी. आम्ही नात्यावर बसण्याच्या जागेचा संकेत आणला, डावे टोक आणि उजवे टोक, आणि त्या संकेतासह ‘मर्ज’ केले तेव्हा गणित जुळले. नोडला ओळखक्रमांक द्यावा हे आता बरेच जण मानतात. नाते मात्र अजूनही नुसती रेघ समजले जाते, जणू दोन बिंदू सांगितले की रेघ आपोआप ठरते. ‘मर्ज’ नीट चालण्यासाठी ओळखक्रमांकाच्या एकमेवतेचे बंधन (एकच क्रमांक दोन नोडना मिळू न देणारा नियम) आयातीआधीच घालून ठेवावे, हेही जाता जाता सांगतो; त्यासोबत येणारी अनुक्रमणिका नसेल तर फाइलीच्या प्रत्येक ओळीसाठी त्या लेबलाचे (म्हणजे ‘यंत्र’ किंवा ‘भाग’ अशा एका गटाचे) सगळे नोड चाळले जातात आणि दुपारचे काम रात्रीवर जाते.

फाइलींच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. सीएसव्ही सगळ्यांना वाचता येते, पण तिला अंक आणि अक्षर यांतला भेद ठाऊक नसतो. कोणी तपासणीसाठी ती स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केली की ००४७१२ या भागक्रमांकाचे ४७१२ होते आणि नाते अधांतरी लटकते. जेसन वाचणाऱ्या अनेक साधनांत दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडचे पूर्णांक गुपचूप बदलतात. ग्राफएमएल हे एक्सएमएलवर आधारलेले, अनेक चित्रण साधनांना समजणारे रूप आहे; तरी अपाची टिंकरपॉप या ग्राफ हाताळणाऱ्या साधनसंचाच्या मार्गदर्शिकेतच त्याला माहिती गाळणारे रूप म्हटले आहे, कारण त्या संचात साध्या मूल्यांपलीकडचे गुणधर्म त्यात मावत नाहीत. २०२४ साली आयएसओने जीक्यूएल ही ग्राफ डेटाबेसांची प्रमाणित प्रश्नभाषा प्रसिद्ध केली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दोन डेटाबेसांना एकच प्रश्न विचारता येणे आणि एकाचा ऐवज दुसऱ्यात सुखरूप नेता येणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

मराठी मजकूर असलेल्या ग्राफमध्ये आणखी एक खाच आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; डेटाबेसाला मात्र ती दोन वेगळी अक्षरमालिका वाटते. नावालाच ओळख मानून आयात केली तर एकाच वस्तूचे दोन नोड तयार होतात, निम्मी नाती एकाकडे आणि निम्मी दुसऱ्याकडे जातात, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला दोन्ही नावांत तसूभरही फरक सापडत नाही. एक्स्पोर्टनंतर आणि आयातीआधी सर्व मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणणे, हा यावरचा उपाय. तो करायला एक छोटी आज्ञावली पुरते, पण तो करायचा असतो हे आधी माहीत असावे लागते.

नीट केलेल्या कामाचे उदाहरणही द्यायला हवे. शोधपत्रकारांच्या आयसीआयजे या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ साली पनामा पेपर्समधून तयार केलेला ग्राफ उतरवून घेण्यासाठी खुला केला तेव्हा तो सीएसव्ही फाइलींत दिला. कंपन्या, व्यक्ती, मध्यस्थ आणि पत्ते यांच्या वेगळ्या फाइली, प्रत्येक नोडला क्रमांक, आणि नात्यांच्या फाइलीत दोन्ही टोकांचे क्रमांक व नात्याचा प्रकार. कोणते उत्पादन वापरता हे न विचारता कोणालाही तो ग्राफ उभा करता येतो. उलट फ्रीबेस या खुल्या ज्ञानसंग्रहाकडे पाहा. गूगलने तो २०१० साली मेटावेब कंपनीसह घेतला आणि २०१४च्या डिसेंबरमध्ये बंद करण्याचे जाहीर केले. जाताना सुमारे १९० कोटी त्रिकांची (‘कोण, कोणते नाते, कोणाशी’ अशा तीन भागांच्या विधानांची) फाइल मागे ठेवली, म्हणजे एक्स्पोर्ट झाला. पण त्यातली माहिती विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड ज्ञानसंग्रहात नेण्याचे काम कष्टाचे ठरले: तिथे विधानाला संदर्भ लागतो, आणि ‘या नटाने या चित्रपटात ही भूमिका केली’ अशा तीन पक्षांच्या गोष्टी फ्रीबेसने मधल्या जोडनोडांच्या साहाय्याने मांडल्या होत्या, ज्यांना समोरच्या रचनेत थेट जागा नव्हती. फाइल उघडली तरी ‘हा नोड वस्तू आहे की नुसता दुवा’ हे सांगणारे टिपण सोबत असावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी, की ग्राफ डेटाबेस घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने करारात ‘एक्स्पोर्टची सोय असावी’ एवढ्यावर न थांबता काम स्वीकारण्याआधी एक फेरी करून मागावी. संपूर्ण ग्राफ बाहेर काढावा, रिकाम्या डेटाबेसात भरावा, तिथून पुन्हा बाहेर काढावा आणि दोन्ही फाइली ओळखक्रमांकाने लावून ताडून पाहाव्यात. नोडची एकूण संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. आमची तर पहिल्याच संध्याकाळी जुळली होती. प्रत्येक लेबलाचे नोड किती, प्रत्येक प्रकारची नाती किती, सर्वाधिक नाती असलेल्या शंभर नोडवर ती तितकीच आहेत का, आणि रोजच्या वापरातल्या पाचदहा प्रश्नांना दोन्हीकडे तेच उत्तर येते का, हे पाहावे. आयात साधनाला सदोष नाती वगळून पुढे जाण्याची मुभा दिली असेल तर त्याने मागे ठेवलेला अहवाल कोणीतरी खरोखर वाचावा. आमच्याकडे तो तीन आठवडे कोणी उघडलाच नव्हता.

आणि ही ताडणी झाली की त्या फाइलींचे काय करायचे तेही आधीच ठरवावे. डेटाबेसात कोणी काय पाहावे याचे नियम असतात. बाहेर काढलेल्या सीएसव्हीला ते नियम लागू राहत नाहीत, ती ज्याच्या हाती पडेल त्याला सगळा ग्राफ पहिल्या ओळीपासून दाखवते. निओफोरजेच्या अपॉक या जोडसंचात फाइलीत निर्यात करण्याची परवानगी मुळात बंद ठेवलेली असते आणि ती जाणीवपूर्वक सुरू करावी लागते, ती उगाच नाही. आमच्या स्थलांतराच्या फाइली एका सामाईक फोल्डरात चार महिने पडून होत्या. त्या मी मागच्या आठवड्यात पुसल्या.

कळावे,
आपला नियमित वाचक